एलसी-एमएसच्या ब्लँकमध्ये ३९१, ४४५, ३३८ आणि ४४च्या अंतराची मालिका: हा नॉइज नेमका येतो कुठून?

अवशेष_तपासणी

नमस्कार मंडळी,

निर्यातीच्या द्राक्षांतल्या कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी एलसी-एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर), तेही क्यू-टॉफ या वस्तुमान बारकाईने मोजणाऱ्या प्रकारावर, फुल स्कॅन स्क्रीनिंग बसवायचं काम चालू आहे. ज्या कीटकनाशकाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथे ०.०१ मिग्रॅ प्रतिकिलो ही सरसकट मर्यादा लागते. त्या पातळीवर पीक स्वच्छ दिसायला हवं. इथे मात्र सॅम्पल राहिलं बाजूला, नुसत्या ब्लँकचा (सॅम्पल नसलेल्या सॉल्व्हेंटचा) टीआयसी, म्हणजे एकूण आयनांचा आलेख, डोंगरासारखा चढतो.

मांडणी अशी:
कॉलम सी-१८, १०० × २.१ मिमी, १.८ मायक्रॉन, ४० अंश से. फ्लो ०.३ मिली/मिनिट. मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) ए म्हणजे पाणी, बी म्हणजे मिथेनॉल. दोन्हींत ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड. बी ५ टक्क्यांवरून १२ मिनिटांत ९८ टक्के, तिथे ३ मिनिटं थांबा, मग परत ५ टक्क्यांवर ४ मिनिटं इक्विलिब्रेशन (पुढच्या रनआधी कॉलम स्थिरावणं). इएसआय (द्रव फवारून आयन बनवणारा सोर्स) पॉझिटिव्ह, १०० ते १००० एम/झेड (आयनचं वस्तुमान भागिले विद्युतभार). ब्लँक म्हणजे मिथेनॉल-पाणी ५०:५०, इंजेक्शन ५ मायक्रोलिटर.

ब्लँकमध्ये दिसतं ते असं:
१. ३७१.१०१, ४४५.१२०, ५१९.१३९ हे संपूर्ण रनभर, सपाट.
२. ३९१.२८४ चा मोठा पीक ११.६ मिनिटांना, सोबत ४०८.३११ आणि ४१३.२६६.
३. ६ ते ९ मिनिटांत ४४.०२६ च्या अंतराने शिडीसारखी मालिका, त्यात ४७६.३०६ सगळ्यात उंच, ७ मिनिटांना.
४. ३३८.३४२ चा टोकदार पीक, १२ मिनिटांनंतर.

सोर्सचा कोन (आयन आत शिरतात तो शंकू) मिथेनॉल-पाणी-फॉर्मिक ॲसिड ४५:४५:१० मध्ये २० मिनिटं सॉनिकेट करून झाला, कॉलम नवा लावून झाला, काडीचा फरक नाही. आता सगळे सॉल्व्हेंट एकदम बदलायचा विचार आहे. त्याआधी काय तपासावं?

---

आयन_ओळख

सगळं एकदम बदलू नका. नॉइज गेला तर कशामुळे गेला ते कळणार नाही, आणि दोन महिन्यांनी परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तुमच्या यादीत चार वेगवेगळ्या उगमांच्या गोष्टी आहेत, त्यामुळे उपायही चार लागतील.

४४५.१२०० आणि तिची भावंडं ही चक्राकार सिलोक्सेन. अंतर ७४.०१८८, म्हणजे एक डायमिथाइलसिलोक्सेन घटक. अमोनियम फॉर्मेट असल्यामुळे ३८८.१२८, ४६२.१४७, ५३६.१६५ हे अमोनियम ॲडक्टही (अमोनियम आयन चिकटलेले तेच रेणू) शोधा, सापडतील.

३९१.२८४३ हे डायइथाइलहेक्झिल थॅलेट, प्लॅस्टिक मऊ करणारं द्रव्य. ४०८.३१०८ त्याचाच अमोनियम ॲडक्ट, ४१३.२६६२ सोडियमचा. २७९.१५९१ (डायब्युटाइल थॅलेट) आणि १४९.०२३३ (थॅलेटांचा सामाईक तुकडा) याही आयनांचे क्रोमॅटोग्राम काढून बघा.

४४.०२६२ ची शिडी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पीइजी. ४७६.३०६५ हा दहा घटकांच्या साखळीचा अमोनियम ॲडक्ट. अंतर ५८.०४१९ असतं तर पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल म्हटलं असतं.

३३८.३४१७ हे इरुकामाइड. पिशव्या, टिप्स, ट्यूब साच्यातून सुटाव्यात आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्लॅस्टिकात घालतात. त्याचा धाकटा भाऊ ओलिएमाइड, २८२.२७९१.

ट्रिपल क्वाड (कमी रिझोल्यूशनचं मास स्पेक्ट्रोमीटर) वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: पीइजीच्या आठ घटकांच्या साखळीचा प्रोटोनेटेड आयन ३७१.२२८ ला येतो आणि सिलोक्सेनचा ३७१.१०१ ला. एकक रिझोल्यूशनवर दोन्ही नुसते ३७१. क्यू-टॉफवर ते सहज सुटे होतात, म्हणून दशांशाकडे बघायची सवय लावा. साधारण ४०० च्या आसपास हायड्रोजन भरपूर असलेल्या सेंद्रिय रेणूंचा दशांश .२ ते .४ असतो, सिलोक्सेनचा .१ च्या आगेमागे, आणि सोडियम फॉर्मेटच्या क्लस्टरचा .९ कडे झुकतो. ऐकीव यादी शोधत बसण्यापेक्षा दशांश पाहिला की अर्धी ओळख तिथेच पटते.

---

ग्रेडियंट

ओळख पटली, आता पत्ता शोधू. त्यासाठी एकही बाटली न बदलता करायची चाचणी आहे. फार थोडे लोक ती करतात आणि मग महिना महिना अंधारात चाचपडतात.

तत्त्व साधं आहे. मोबाईल फेजमध्ये थॅलेट असेल तर इक्विलिब्रेशनच्या वेळी ९५ टक्के पाणी वाहत असताना ते कॉलमच्या तोंडाशीच साठत जातं. बी वाढला की साठलेलं सगळं एकदम सुटतं आणि छान टोकदार पीक दिसतो. लोकांना वाटतं इंजेक्शनमधून आलं, कारण मोबाईल फेजची घाण बेसलाइन उचलते, पीक देत नाही, असा समज पक्का असतो. ग्रेडियंटमध्ये, म्हणजे बी हळूहळू वाढवत नेताना, ती पीकच देते.

इक्विलिब्रेशन ४, १४ आणि ३४ मिनिटं असे तीन रन करा. तिन्ही विनाइंजेक्शन, म्हणजे व्हॉल्व्ह न फिरवता नुसता ग्रेडियंट. मग तेच तीन ५ मायक्रोलिटर ब्लँकसह. प्रत्येक आयनचं पीक क्षेत्रफळ इक्विलिब्रेशनच्या मिनिटांसमोर मांडून सरळ रेष काढा. उतार म्हणजे दर मिनिटाला किती साठतं. आंतरछेद, म्हणजे शून्य मिनिटाला रेष जिथे टेकते तो आकडा, म्हणजे खुद्द ग्रेडियंट चालू असताना किती साठलं. आंतरछेदाला उताराने भागा. उत्तर मिनिटांत येतं आणि ते बरंच काही सांगतं.

तुमच्या ग्रेडियंटसाठी ३९१ चा हिशोब मांडतो. ए ९५ टक्क्यांपासून मिनिटाला ७.७५ टक्क्यांनी उतरतो आणि पीक ११.६ मिनिटांना येतो.

घाण फक्त ए मध्ये असेल: ११.६ मिनिटांत ए चा एकूण वाटा ५.८ मिनिटांच्या शुद्ध ए एवढा, ०.९५ ने भागलं की सुमारे ६ मिनिटं.
ए आणि बी दोन्हींत सारखीच असेल: सुमारे ११.६ मिनिटं.
फक्त बी मध्ये असेल: इक्विलिब्रेशनमध्ये बी जेमतेम ५ टक्के, म्हणून उतार नगण्य आणि भागाकार शंभराच्या वर. रेष जवळजवळ आडवीच दिसेल.

रेष आडवी आहे आणि विनाइंजेक्शन रनमध्ये पीक गायब, तर उगम इंजेक्शनच्या बाजूला: वायल, सेप्टम, टिप, सुई, नीडल वॉश. रेष आडवी आहे आणि विनाइंजेक्शनही पीक तेवढाच, तर बी वर संशय घ्या.

हा हिशोब ढोबळ आहे. पंपापासून कॉलमपर्यंतचं आकारमान धरलेलं नाही आणि पीक सुटायच्या आधी रेणू कॉलममध्ये थोडे सरकतातच. पण ६, १२ आणि १०० यांत फरक करायला एवढी अचूकता पुरे. डिटेक्टर सॅच्युरेट होत असेल तर मात्र रेष वरच्या टोकाला वाकेल; तसं दिसलं तर ३९१ ऐवजी त्याचा १३सी समस्थानिक, ३९२.२८८, मोजा.

---

अवशेष_तपासणी

सहाही रन लावले. क्षेत्रफळं लाख काउंटमध्ये, ४, १४, ३४ मिनिटं या क्रमाने:

३९१.२८४ विनाइंजेक्शन: २.१०, ३.४३, ६.०९. ब्लँकसह जवळपास तेच.
४७६.३०६ विनाइंजेक्शन: १.८, ३.८, ७.८. ब्लँकसह तेच.
३३८.३४२ ब्लँकसह: ०.९४, ०.९१, ०.९५. विनाइंजेक्शन तिन्हीत ०.०५ च्या आसपास.
४४५.१२० ला पीकच नाही, बेसलाइन तिन्हीत सारखी.

---

ग्रेडियंट

इतकी सरळ उत्तरं क्वचित मिळतात.

३९१: उतार ०.१३३, आंतरछेद १.५७, भागाकार ११.८ मिनिटं. म्हणजे ए आणि बी मध्ये थॅलेट सारख्याच प्रमाणात आहे. पाणी आणि मिथेनॉल या दोन वेगळ्या सॉल्व्हेंटमध्ये योगायोगाने एकच प्रमाण असणं अवघड. तेव्हा दोन्हींत सामाईक काय ते बघा: फॉर्मिक ॲसिड, अमोनियम फॉर्मेट, किंवा दोन्ही प्रवाह एकत्र आल्यानंतरचे भाग, म्हणजे मिक्सर आणि पुढची नळी.

४७६: उतार ०.२, आंतरछेद १.०, भागाकार ५ मिनिटं. हा पीक ७ मिनिटांना येतो. ७ मिनिटांपर्यंत ए चा वाटा ४.७५, भागिले ०.९५ म्हणजे ५. नेमकं तेच. पीइजी फक्त ए मध्ये आहे: पाण्यात किंवा ए च्या बाटलीत. ॲसिडमध्ये असतं तर भागाकार ७ आला असता.

३३८: इंजेक्शनच्या बाजूचं. मोबाईल फेजचा संबंध नाही.

आता ३९१ चं पुढचं पाऊल. घाण द्रवात आहे की एखाद्या भागातून झिरपते आहे, हे ठरवायला इक्विलिब्रेशन एकदा ०.३ मिलीने १४ मिनिटं आणि एकदा ०.१५ मिलीने २८ मिनिटं करा. ग्रेडियंट दोन्ही वेळा ०.३ नेच. वाहिलेलं आकारमान तेच, ४.२ मिली. पीक सारखाच राहिला तर थॅलेट द्रवात आहे. दुसऱ्यात स्पष्ट वाढला तर पंप सील, मिक्सर किंवा नळीतून वेळेनुसार सुटतंय. नुकतीच सील बदलली असतील तर ही शक्यता खरोखर असते.

द्रवातच निघालं तर आधी फॉर्मिक ॲसिडची बाटली हातात घ्या. प्लॅस्टिकची आहे का? तीव्र फॉर्मिक ॲसिड प्लॅस्टिकमधली द्रव्यं महिनोन्महिने ओढत राहतं. हिशोब करा: ॲसिडच्या प्रत्येक मिलीत १ मायक्रोग्रॅम थॅलेट असेल तर ०.१ टक्क्याला मोबाईल फेजमध्ये १ नॅनोग्रॅम प्रति मिली होतं. ४ मिनिटांचं इक्विलिब्रेशन आणि ११.६ मिनिटांचा ग्रेडियंट मिळून ४.७ मिली वाहतं, म्हणजे कॉलमवर ४.७ नॅनोग्रॅम. दुसरीकडे, ०.०१ मिग्रॅ प्रतिकिलोच्या द्राक्षातून, मिलीला एक ग्रॅम सॅम्पल धरलं तर, ५ मायक्रोलिटरमध्ये कीटकनाशक येतं ०.०५ नॅनोग्रॅम. जवळपास शंभरपट थॅलेट त्याच्या शेजारी सोर्समध्ये शिरतं आणि चार्जसाठी झगडतं.

एलसी-एमएस दर्जाचं फॉर्मिक ॲसिड १ मिलीच्या काचेच्या ॲम्प्युलमध्ये मिळतं. एक ॲम्प्युल, एक लिटर, ०.१ टक्का, पिपेटची गरजच नाही. ॲम्प्युल थेट बाटलीत रिकामी करा.

ॲसिड की मीठ (अमोनियम फॉर्मेट) हे तपासताना मिठाशिवायची मोबाईल फेज लावाल तेव्हा ४०८ नाहीसा होईल आणि ४१३ वाढेल. त्यामुळे एकट्या ३९१ ची तुलना फसवी ठरते. ३९१, ४०८, ४१३ यांची बेरीज घ्या.

---

काच_आणि_पाणी

पीइजीबद्दल मी लिहितो, कारण इथे हमखास एक वाक्य ऐकू येतं: "आमचं पाणी १८.२ मेगाओहम आहे, पाण्यात काही नाही." रोधकता फक्त आयन मोजते. पीइजी आणि थॅलेटवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मीटर १८.२ दाखवत राहतो आणि पाण्यात ते मजेत असतात. बघायचा आकडा टीओसीचा, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनचा आहे, ५ पीपीबीच्या खाली. आणि तोसुद्धा यंत्राच्या आतला आहे. शेवटच्या फिल्टरनंतर, नळीनंतर, बाटलीत काय झालं ते त्याला माहीत नाही.

पाणी घेताना: पहिलं एक-दोन लिटर सोडून द्या, विशेषतः सोमवारी सकाळी. नळीच्या टोकाला कुणी जास्तीची प्लॅस्टिक नळी जोडली असेल तर काढा. थेट काचेत घ्या. मधे पिंप नको, वॉश बॉटल तर नकोच. टोक पाण्यात बुडवू नका. पडताळणीसाठी एक लिटर बाटलीबंद एलसी-एमएस दर्जाचं पाणी आणून त्याच बाटलीत तीच मोबाईल फेज करा. पीइजी तसाच राहिला तर पाणी निर्दोष, बाटली दोषी.

आणि बाटली दोषी निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. पीइजी आणि त्याच्याशी जोडलेले सर्फॅक्टंट भांडी धुण्याच्या द्रवात असतात. धुलाईच्या ठिकाणी साऱ्या काचेबरोबर मोबाईल फेजची बाटली गेली, साबण लागला, नळाखाली छान विसळली, डोळ्यांना लखलखीत दिसली, तरी काचेवर सर्फॅक्टंटचा थर राहतो आणि दिवसेंदिवस थोडा थोडा पाण्यात उतरतो. मिथेनॉलची बाटली सहसा कुणी साबणाने धूत नाही, पाण्याची धुतात. तुमच्याकडे पीइजी फक्त ए मध्येच असण्याशी हे जुळतं.

उपाय: एमएसच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यांवर काच कोरायच्या पेनने खूण करा (चिकटपट्टीचा गोंद नको), आणि त्यांना साबण कधीच लावू नका. नवी बाटली एलसी-एमएस दर्जाच्या मिथेनॉलने तीनदा, आयसोप्रोपेनॉलने एकदा, मग पाण्याने विसळा. बोरोसिलिकेट काच असेल तर मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर चार तास ठेवली की सेंद्रिय काही उरत नाही. झाकण आणि तोंडावरची निळी प्लॅस्टिकची कडी आधी काढायची. मोजपात्रं आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क फर्नेसमध्ये घालू नका, माप बिघडतं. झाकायला पॅराफिल्म नको. फॉइल वापरा, पण तीही भाजलेली, कारण फॉइल लाटताना लावलेलं तेल तिच्यावर असतं.

ए संपत आला की त्यात भर घालू नका. उरलेला फेका, बाटली विसळा, नवा करा. तीन दिवसांहून जुना ए चालवू नका, शेवाळ आणि जिवाणू इनलेट फिल्टरवर बसतात. जुन्या ए मुळे इनलेट फिल्टर बुळबुळीत लागत असेल तर बदलाच.

पावसाळ्यात आणखी एक: अमोनियम फॉर्मेट दमट हवेत पाणी ओढतं. लिटरला ०.३१५ ग्रॅम लागतं. ओलसर ढेकळातून ०.३१५ वजन केलं तर खरं मीठ कमीच पडतं आणि ॲडक्टांचं प्रमाण दर बॅचला बदलत राहतं. डेसिकेटरमध्ये ठेवा आणि लहान पॅक मागवा.

---

सी_अठरा

एक विचारतो. मीठ घातल्यावर मोबाईल फेज ०.२२ मायक्रॉन मेंब्रेनमधून गाळायला नको का? १.८ मायक्रॉनच्या कॉलमला कण गेले तर प्रेशर वाढेल.

---

काच_आणि_पाणी

एचपीएलसीची सवय म्हणून लोक गाळतात, पण एमएसवर त्याने नुकसान जास्त होतं. एलसी-एमएस दर्जाचे सॉल्व्हेंट कारखान्यातूनच गाळून येतात, आणि चांगल्या प्रतीचं अमोनियम फॉर्मेट पाण्यात पूर्ण विरघळतं. गाळताना फनेल, निर्वात फ्लास्क, रबरी बूच आणि मेंब्रेन अशा चार नव्या गोष्टी द्रवाला लागतात. मेंब्रेन नायलॉनचं असेल तर त्याच्या चक्राकार तुकड्यांची मालिका येते: २२७.१७५, ३४०.२५९, ४५३.३४३, अंतर ११३.०८४. ही मालिका कुणाच्या ब्लँकमध्ये दिसली तर आधी गाळणी शोधा. कॉलमच्या काळजीसाठी इंजेक्टरनंतर ०.२ मायक्रॉनचा इनलाइन फिल्टर लावा. सॅम्पल गाळणं हा वेगळा विषय आहे, तिथे पीटीएफई वापरा आणि पहिले काही थेंब टाकून द्या.

---

आयन_ओळख

३३८ आणि ४४५ राहिले.

इरुकामाइडसाठी ब्लँक दोन प्रकारे भरा. एक नेहमीसारखा टिपने, नेहमीच्या वायलमध्ये. दुसरा काचेच्या सिरिंजने, नव्या काचेच्या वायलमध्ये, पिशवीतून काढल्यावर मिथेनॉलने विसळून. फरक पडला तर टिप किंवा साठवणीची पिशवी. वायलचे खोके उघडून झिपच्या पिशवीत ठेवायची पद्धत असेल तर तीही बंद करा. सेप्टमवर सुई एकदाच जाऊ द्या. तीच वायल दहादा टोचली की सिलिकोनचे कण आत पडतात आणि मग सिलोक्सेनचेही पीक येऊ लागतात.

ब्लँक स्वच्छ झाला तरी सॅम्पलमध्ये ३३८ परत दिसेल, याची तयारी ठेवा. तुम्ही द्राक्षं इथाइल ॲसिटेटने काढत असाल तर ते सॉल्व्हेंट ५० मिलीच्या पॉलिप्रॉपिलीन ट्यूबमधून ॲडिटिव्ह काढून घेतं आणि नायट्रोजनखाली वाळवताना त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून सॉल्व्हेंट ब्लँकशिवाय रिएजंट ब्लँकही हवा: द्राक्ष सोडून सगळं, त्याच ट्यूब, तेच मीठ, तेच पीएसए (अर्क साफ करायची पावडर), तेच वाळवणं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या एक्स्ट्रॅक्शनची भर.

४४५ हवेतून येतो. पडताळायचा असेल तर एलसी पूर्ण सोडवा, काचेच्या सिरिंजमधून ताजं मिथेनॉल-पाणी थेट सोर्समध्ये मिनिटाला १० मायक्रोलिटरने सोडा. ४४५ तसाच राहतो का पाहा. राहिला तर उगम खोलीची हवा किंवा नायट्रोजन. इएसआय सोर्स वातावरणाच्या दाबावर चालतो, त्यामुळे हवेत तरंगणारे सिलोक्सेनचे रेणू थेंबांच्या वाफेत प्रोटोन घेतात. डिओडरंट, केसांचं सिरम, हँड क्रीम, दरवाजा-खिडक्यांचं सिलिकोन सीलंट, ताजं फ्लोअर पॉलिश या सगळ्यांतून ते येतात. खोलीत नुकतंच सीलंटचं काम झालं असेल तर आठवडाभर ४४५ चढलेला राहील, यंत्राला हात लावू नका.

नायट्रोजन जनरेटरवर असाल तर कॉम्प्रेसर तेलविरहित आहे का, आणि कार्बन फिल्टर कधी बदलला, ते बघा. सोर्सला येणारी गॅसची नळी मऊ पीव्हीसीची असेल तर आधी काढा. पीव्हीसी हा थॅलेटचा कारखानाच आहे. पीटीएफई किंवा स्टील लावा. एक्झॉस्टची नळी नीट बसलेली आणि पुरेशी ओढणारी हवी, नाहीतर सोर्सची वाफ परत सोर्समध्ये फिरते.

एवढं करूनही ४४५ पूर्ण जात नाही. तो थोडासा राहू द्या, उपयोगी पडतो: ऑर्बिट्रॅपवाले ४४५.१२००२५ हाच आयन वस्तुमान जुळवण्यासाठी लॉकमास म्हणून वापरतात. तुम्हीही दर रनमध्ये त्याची पीपीएम चूक बघू शकता.

सोर्सच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. डिसॉल्व्हेशनचं तापमान आणि कोन व्होल्टेज वाढवलं की क्लस्टर मोडतात. सोडियम फॉर्मेटचे क्लस्टर (१५८.९६४, २२६.९५२, २९४.९३९, अंतर ६७.९८७) असतील तर चांगला फरक पडतो. थॅलेट, पीइजी, सिलोक्सेन हे सुटे रेणू आहेत. त्यांच्यावर व्होल्टेजचा फारसा परिणाम नाही आणि नाजूक कीटकनाशकं मात्र सोर्समध्येच तुटायला लागतात. तेव्हा व्होल्टेज चढवून नॉइज झाकू नका.

---

अवशेष_तपासणी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून बदललं, दर बदलानंतर ४ मिनिटांचा विनाइंजेक्शन रन आणि एक ब्लँक. निकाल, लाख काउंट:

मंद फ्लोची चाचणी: ०.३ आणि ०.१५ ला ३९१ सारखाच, म्हणजे द्रवातच. फॉर्मिक ॲसिडची बाटली प्लॅस्टिकची होती. काचेच्या ॲम्प्युलने ए आणि बी दोन्ही केल्यावर ३९१ दोन पूर्णांक एकवरून ०.५.
पाणी तेच ठेवून ए ची बाटली फर्नेसमधली: ४७६ एक पूर्णांक आठवरून ०.१.
ब्लँक काचेच्या सिरिंजने भरला: ३३८ शून्य पूर्णांक चौऱ्याण्णववरून ०.०६.
४४५ सिरिंजने थेट सोडल्यावरही तसाच.

राहिलेल्या ३९१ चा पीक अजून ११ ते १२ मिनिटांत येणाऱ्या कीटकनाशकांच्या खाली बसतो. आयसोलेटर कॉलमचा उपयोग होईल का?

---

ग्रेडियंट

होईल, पण आधी यंत्रणा धुऊन घ्या. इतके महिने थॅलेट वाहिलेलं आहे. डिगॅसर, पंपाचे भाग, मिक्सर यांवर ते बसलेलं असतं आणि उरलेल्या ०.५ मधला काही भाग तिथूनच येत असणार.

कॉलम काढा, त्या जागी युनियन लावा, सोर्सची नळी सोडवून वेस्टमध्ये टाका. एमएसमध्ये हे काही जाऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा दोन्ही लाइन मीठ नसलेल्या मिथेनॉल-पाणी ५०:५० ने अर्धा तास, नाहीतर पुढच्या सॉल्व्हेंटमध्ये फॉर्मेट बाहेर पडू शकतं. मग ॲसिटोनायट्राइल, मिथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, पाणी समभाग, त्यात ०.२ टक्के फॉर्मिक ॲसिड. ए, बी आणि नीडल वॉश तिन्ही लाइन त्याच मिश्रणात बुडवा, ०.२ मिली/मिनिटने रात्रभर. आयसोप्रोपेनॉल घट्ट आहे, प्रेशर बघून फ्लो वाढवा. मधूनमधून इंजेक्टरचा व्हॉल्व्ह फिरत राहील असे काही इंजेक्शन लावून ठेवा, म्हणजे लूप आणि सुईही धुतली जाते. सकाळी परत ५०:५०, मग मोबाईल फेज. कॉलम लावल्यावर सोर्सला जोडण्याआधी ९८ टक्के बी ने वेस्टमध्ये वीस कॉलम-आकारमानं सोडा. १०० × २.१ च्या कॉलमचं एक आकारमान सुमारे ०.२३ मिली, म्हणजे ५ मिलीच्या आसपास.

आता आयसोलेटर. ५० × २.१ मिमी, ५ मायक्रॉन, सी-१८, मिक्सर आणि इंजेक्टर यांच्या मधे. इंजेक्टरच्या पुढे लावला तर सॅम्पलही त्यातूनच जाईल आणि उपयोग शून्य. तो थॅलेट नाहीसा करत नाही, नुसता उशिरा पाठवतो: मोबाईल फेजमधलं थॅलेट आधी आयसोलेटरवर साठतं, मग मुख्य कॉलमवर, त्यामुळे त्याचा पीक सॅम्पलच्या पीकच्या मागे ढकलला जातो. पीएफएएसच्या (सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या) विश्लेषणात हा नेहमीचा उपाय आहे.

दोन गोष्टी सांभाळा. त्याचं आकारमान सुमारे ०.११ मिली, म्हणजे ०.३ मिलीला ग्रेडियंट कॉलमपर्यंत पोचायला साधारण २३ सेकंद उशीर होईल. सगळ्या रिटेन्शन टाइम नव्याने बसवाव्या लागतील आणि इक्विलिब्रेशन ४ वरून ५ मिनिटं करावं लागेल. आणि ९८ टक्क्यांचे ३ मिनिटं आता अपुरे पडतील, कारण उशिरा निघालेला थॅलेट त्याच रनमध्ये बाहेर पडला पाहिजे, ५ करा. नाहीतर तो पुढच्या रनच्या मधोमध, रुंद भुतासारखा उगवतो आणि तुम्ही परत वायलवर संशय घेत बसता.

बसवल्यावर हीच तीन-वेळांची चाचणी पुन्हा करा. पीकची जागा सरकली आणि क्षेत्रफळ तसंच राहिलं, तर आयसोलेटर बरोबर काम करतोय. जागाच सरकली नाही, तर उरलेला थॅलेट इंजेक्टरच्या पुढून येतोय: लूप, सुईची बैठक किंवा कॉलमपर्यंतची नळी. मग त्या तीन ठिकाणी बघा.

रोज सकाळी पहिला रन विनाइंजेक्शन, दुसरा ब्लँक, ३९१.२८४, ४७६.३०६, ३३८.३४२ यांची क्षेत्रफळं आणि ४४५.१२० ची उंची वहीत लिहा. सोबत त्या दिवशीच्या ॲसिडचा, मिठाचा आणि मिथेनॉलचा लॉट नंबर. कोणताही आकडा नेहमीच्या तिप्पट झाला की त्या दिवशी सॅम्पल लावू नका.